खुलं पत्र: बाळाचं ऑपरेशन मुंबईला होईल, पण ते इंजेक्शन आधी नाशिकच्या फ्रिजमध्ये हवं

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, महापालिकेचे वैद्यकीय अधिकारी साहेब, आणि नाशिक शहरात नि तालुक्यांत प्रसूतिगृह चालवणारे सगळे डॉक्टर सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. मी मेडिकलवाला. मुंबई नाक्याच्या बाजूला दुकान आहे, आजूबाजूला हॉस्पिटलंच हॉस्पिटलं, त्यामुळे रात्री शटर अर्धंच खाली असतं आणि कुठल्या वॉर्डात काय चाललंय ते आम्हाला चिठ्ठ्यांवरून कळत असतं. त्यातली एक चिठ्ठी अशी आहे की ती काउंटरवर आली की आमचेच हातपाय गळतात, कारण तो माल बहुतेक वेळा माझ्याकडे नसतो, शेजारच्याकडे नसतो, आणि रात्र असली तर औषधांच्या होलसेलवाल्यांची गोळे कॉलनी बंद.

अल्प्रोस्टॅडिल ५००. एक मिलीची एवढुशी अँप्यूल म्हणजे काचेची कुपी, फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायची, आणि ती मुख्यतः लागते नुकत्याच जन्मलेल्या बाळाला, तेही अशा बाळाला ज्याच्या हृदयाच्या मोठ्या धमन्या जन्मतःच उलट्या-पालट्या किंवा अरुंद किंवा बंद आहेत. समोर उभा असतो बाळाचा बाप नाहीतर मामा, हातात मोबाईल, वरून वॉर्डातून फोन चालू, आणि मी त्याला सांगतोय की दादा जरा थांबा, एका होलसेलवाल्याला झोपेतून उठवतो.

तुम्हा डॉक्टर लोकांना हे शिकवायची माझी लायकी नाही, पण हे पत्र बाकीचे लोकही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. बाळ पोटात असताना फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून फुप्फुसाकडे जाणारं रक्त एका छोट्या जोडनळीतून थेट शरीराच्या मोठ्या धमनीत वळवलेलं असतं, तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर पहिल्या एक-दोन-तीन दिवसांत ही नळी आपोआप मिटते, ती मिटायलाच हवी. पण काही बाळांचा जीव त्या नळीवरच असतो. कुणाची फुप्फुसाकडे जाणारी झडपच बंद असते, कुणाची महाधमनी मध्येच आवळलेली किंवा तुटलेली असते, कुणाचा हृदयाचा डावा भागच वाढलेला नसतो, कुणाच्या दोन्ही मोठ्या धमन्या अदलाबदल होऊन बसलेल्या असतात म्हणजे अशुद्ध रक्त परत शरीरात आणि शुद्ध रक्त परत फुप्फुसात, दोन वेगळ्याच चकरा. अशा बाळाची ती नळी मिटायला लागली की बाळ निळं पडतं किंवा गार पडतं, आणि निळ्या पडलेल्या बाळाला तेव्हा कितीही ऑक्सिजन लावा, सॅच्युरेशन फारसं वर सरकत नाही. हे इंजेक्शन ती नळी उघडी ठेवतं. बरं करत नाही हो, ऑपरेशनपर्यंत वेळ काढून देतं. बस एवढंच, पण त्या एवढ्यावरच सगळं आहे.

लोक सरसकट सगळ्यालाच हृदयाला भोक आहे म्हणतात. भोकं बऱ्याचदा थांबू शकतात, काही आपोआप बुजतात, काहींना महिने-वर्षं मिळतात. मी बोलतोय ती बाळं थांबू शकत नाहीत. हजार बाळंतपणांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो आणि त्यातली दोनेक अशी, पहिल्याच दिवसांत जिवावर बेतणारी. म्हणजे वर्षाला हजार डिलिव्हरी करणारं प्रसूतिगृह असेल तर तिथं वर्षाला दोन बाळं. एका दवाखान्याला हा आकडा कधी जाणवतच नाही, वर्षाला दोन म्हणजे काहीच नाही, पण अख्खा जिल्हा धरा, पंधरा तालुके, मालेगावपासून सुरगाण्यापर्यंत, मग बघा.

आता माल का नसतो ते सांगतो कारण हे माझ्याशिवाय तुम्हाला कुणी सांगणार नाही. एक अँप्यूल काही हजारांची. एक्स्पायरी मर्यादित. कोल्ड चेनचा माल, त्यामुळे एकदा घेतला की परत करायचं म्हटलं तर होलसेलवाला हात वर करतो, आणि त्याचंही चुकत नाही, माझ्या फ्रिजमध्ये रात्री लाईट गेली होती का ते त्याला काय माहीत. खप कधी होईल याचा भरवसा नाही, तीन महिने कुणी विचारणार नाही आणि मग एका आठवड्यात दोघं येतील. असला माल कुठलाही शहाणा दुकानदार भरत नाही. इन्सुलिन भरतो, लशी भरतो, कारण ते रोज जातं. हे धंद्याचं गणित आहे, त्यात कुणी दुष्ट नाही, पण अशा गणितामुळेच सरकारने ते औषध स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायचं असतं ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या लहान मुलांच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे इंजेक्शन आहे. तिकडे यादीत आणि इकडे मी रात्री दीड वाजता लोकांना उठवतोय.

आणि चिठ्ठी. कृपा करून चिठ्ठी नीट लिहा. माझ्या दुकानात एकदा चिठ्ठी आली, नुसतं लिहिलेलं इंजे. प्रोस्टाग्लँडिन, बाकी काही नाही. अल्प्रोस्टॅडिल त्याच गटातलं, पण त्या गटात औषधं बरीच. आता प्रसूतिगृहाकडून प्रोस्टाग्लँडिन म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर काय येतं? कळा आणायचं जेल नाहीतर बाळंतिणीचं रक्त थांबवायचं कार्बोप्रोस्ट, रोज तेच जातं, आणि कार्बोप्रोस्टही फ्रिजमध्येच, त्याच कप्प्यात. पोरगा तेच काढायला गेला. बरोबरचा माणूस म्हणाला, लवकर द्या हो, बाळाला लावायचंय, तेव्हा हात थांबला. वर फोन केला तर सिस्टर म्हणाली, अहो ते बाळांच्या हार्टचं असतं ना ते. आता मला सांगा, तो माणूस गप्प उभा राहिला असता तर?

दुसरी एक गोष्ट मला चिठ्ठ्यांवरून दिसते आणि ती जास्त टोचते. पेठ-हरसूलकडचं किंवा कळवणकडचं बाळ, जन्मताना तीन किलो, रडलं चांगलं, अंगावर प्यायलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. पाचव्या-सहाव्या दिवशी परत, दूध ओढत नाही, कण्हतंय, पाय गार पडलेत. पहिली चिठ्ठी येते अँटिबायोटिकची, मग दुसऱ्या दिवशी त्याहून भारी अँटिबायोटिक, मग अजून भारी, कारण लक्षणं सगळी जंतुसंसर्गासारखीच असतात आणि बहुतेक वेळा तो जंतुसंसर्गच असतोही, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण कधी कधी तिसऱ्या दिवशी टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होते आणि मग ती चिठ्ठी येते, अल्प्रोस्टॅडिल, अर्जंट. महाधमनी आवळलेली होती आणि जोडनळी घरीच मिटून गेलेली होती. तोवर किडनी, लिव्हर, सगळ्यावर परिणाम झालेला. असं एक बाळ मला माहीत आहे ज्याच्या आजोबांनी ती अँप्यूल बर्फाच्या डब्यात घालून नेली आणि तासाभरात परत आणून काउंटरवर ठेवली. मी पैसे परत दिले. नियमात बसत नाही, तरी दिले.

म्हणून माझं पहिलं मागणं इंजेक्शनच्याही आधीचं आहे. बाळाला घरी सोडण्याआधी ऑक्सिमीटर लावा. प्रत्येक बाळाला. चोवीस तास झाले की उजव्या हाताचा तळवा आणि कुठलाही एक पाय, दोन्हीकडचं सॅच्युरेशन बघायचं. दोन्ही ९५ किंवा वर आणि दोघांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर पास. ९० च्या खाली गेलं तर लगेच बालरोगतज्ज्ञ आणि इको. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा. उजवाच हात का, तर त्या हाताकडे जाणारी धमनी जोडनळीच्या आधी फुटते आणि पायाकडचं रक्त नळीच्या पुढून जातं, म्हणून फरक तिथं पकडला जातो. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही, बाळ आईच्या मांडीवरही चालतं.

ऑक्सिमीटर म्हटलं की सगळे म्हणतात आमच्याकडे आहे की. हो आहे, कोविडमध्ये आम्हीच विकलेत, आणि माझे कुटुंब माझी जबाबदारी करताना २०२० मध्ये आशाताई गळ्यात अडकवून दारोदार फिरल्यात. पण तो मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा, तो बाळाच्या बोटावर बसतच नाही, बसवला तरी आकडा काहीच्या काही. बाळाला पट्टीसारखा गुंडाळायचा प्रोब लागतो. एका बाजूला लाल दिवा आणि बरोब्बर समोरच्या बाजूला सेन्सर आला पाहिजे, पट्टी घट्ट नको सैल नको, बाळ रडत असेल तर थांबायचं, पाय गार असेल तर चोळून गरम करायचा, स्क्रीनवरची लाट एकसारखी झाली की मगच आकडा लिहायचा. नर्सताईंना एका दुपारी शिकवून होईल. प्रोब आणि मशीन मिळून जो खर्च आहे तो एका सिझेरियनच्या बिलाच्या मानाने काहीच नाही, खासगी दवाखानेवाल्यांनी तरी पैशाचं कारण देऊ नये, मी बिलं बघतो रोज.

याने सगळी बाळं सापडतात असं नाही. चारातली साधारण तीन सापडतात. आवळलेली महाधमनी यातून बऱ्याचदा निसटते, तिच्यासाठी बाळाच्या जांघेतली नाडी बोटाने चाचपून बघायची असते, ती तर फुकट आहे. अमेरिकेने ही ऑक्सिमीटरची तपासणी २०११ मध्ये नवजात बाळांच्या तपासण्यांच्या राष्ट्रीय शिफारशीत घेतली, आणि नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ज्या राज्यांनी सक्ती केली तिथं अशा गंभीर हृदयदोषाने होणारे बाळांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. नुसत्या शिफारशीने तसं झालं नाही, सक्तीने झालं. हे वाक्य साहेब तुमच्यासाठी.

सोनोग्राफीवाल्यांनाही एक विनंती. पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये हृदयाचे चार कप्पे दिसले की रिपोर्ट नॉर्मल लिहू नका, धमन्या कुठून निघतात तेही बघा, कारण अदलाबदल झालेल्या धमन्यांत चारही कप्पे छान दिसतात. आधी कळलं तर बाई मुंबईला जाऊन बाळंत होईल, मग ना रात्रीची चिठ्ठी ना कसारा घाट.

आता कुणी म्हणेल एवढं करून वाचतात का ही बाळं. वाचतात हो. धमन्या जागेवर बसवायचं ऑपरेशन १९७५ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत अदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं आणि आज जगातल्या चांगल्या सेंटरला शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास बाळं त्यातून बाहेर येतात. दोन्ही मोठ्या धमन्या कापून त्यांची जागा बदलायची, आणि त्याबरोबर हृदयाला रक्त देणाऱ्या दोन बारीक नळ्या मुळाशी गोल काढून नव्या जागी शिवायच्या, त्या नळ्या एक-दीड मिलिमीटरच्या, आणि अख्खं हृदय आवळ्याएवढं. आमच्याकडे सिझेरियनला एक नंबरचा विक्रिल जातो, जाडजूड दोरा, आणि या ऑपरेशनला सेव्हन-झिरो, एट-झिरोचा प्रोलीन, एट-झिरो तर केसाहून बारीक. एकदा एका कंपनीच्या रेपने सॅम्पल दाखवलं होतं, उजेडात धरल्याशिवाय मला दोरा दिसेना. पण याला वेळेची मर्यादा आहे, दोन-तीन आठवड्यांच्या आत व्हायला हवं कारण हृदयाचा डावा कप्पा हलक्या कामाला सरावून कमजोर होत जातो. म्हणून नाशिकमध्ये गेलेला एक एक दिवस मोजला जातो.

माझ्या काउंटरवरून जेवढं दिसतं त्यात इतक्या लहान बाळाच्या अशा ऑपरेशनला बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. आणि तिथं सोय आहे, हे मुद्दाम लिहितोय कारण गावाकडचे लोक पैशाच्या भीतीनेच बाळाला घरी नेतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात हृदयदोष येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. खारघरला श्री सत्य साई संजीवनीत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात आणि तिथं बिलाचा काउंटरच नाही. मग अडतं कुठं? पहिल्या दोन दिवसांत अडतं. बाळ ओळखलं जात नाही, ओळखलं तर इंजेक्शन नाही, इंजेक्शन मिळालं तर कुठल्या हॉस्पिटलात बेड आहे ते कुणाला माहीत नाही आणि बाप एका हातात फाईल घेऊन स्वतः फोन लावत बसतो, आधार कार्ड नाही, रेशनकार्डावर बाळाचं नाव कसं असणार, बाळाचं नावच अजून ठेवलेलं नाही.

केरळने २०१७ मध्ये हृद्यम नावाची योजना सुरू केली. बाळाची नोंद ऑनलाईन होते, हृदयतज्ज्ञ तिथंच रिपोर्ट बघतात, किती घाई आहे ते ठरवतात, कुठल्या हॉस्पिटलात जागा आहे ते तेच बघतात, ॲम्ब्युलन्सही तिथूनच. बापाने फोन लावायचे नाहीत. आपल्याकडे आख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, राज्यातल्या डॉक्टर-नर्सच्या परीक्षा इथून चालतात, आणि त्याच गावात हे होऊ नये म्हणजे काय म्हणायचं. २०२७ चा कुंभ आहे, सगळी यंत्रणा तिकडे लागलीय हे कळतं मला, भाविकांची सोय व्हायलाच हवी, पण त्या सगळ्या आराखड्यात दोन फ्रिज आणि पाच-पंचवीस प्रोब कुणाच्या लक्षातही येणार नाहीत इतका किरकोळ खर्च आहे हा.

ॲम्ब्युलन्सचंही बोलतो. नाशिक ते मुंबई एकशे सत्तरेक किलोमीटर, आता इगतपुरीपासून समृद्धी झालाय तर घाट टळतो, छान झालं. पण सुरगाण्याहून नाशिकच नव्वदच्या आसपास. आणि या इंजेक्शनचा एक स्वभाव आहे, बाळाचा श्वास मध्येच थांबवू शकतं. म्हणजे नुसती गाडी आणि ड्रायव्हर चालणार नाही, औषध थेंबाथेंबाने सोडणारा सिरिंज पंप चार्ज केलेला पाहिजे, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग पाहिजे, आणि ती वापरता येणारं माणूस पाहिजे. एक अँप्यूल तीन किलोच्या बाळाला साधारण एक दिवस काढते, म्हणून निघताना जास्तीची एक बर्फाच्या डब्यात बरोबर द्या, ट्रॅफिकमध्ये अडकलं तर मुलुंडला कुठं शोधत बसणार.

काही जण म्हणतील मेडिकलवाल्याने हे का बोलावं. २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरमध्ये निळ्या पडलेल्या बाळावर पहिलं ते प्रसिद्ध ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कसा घ्यायचा ते सांगणारा व्हिव्हियन थॉमस हा लॅबमधला सहायक होता, डॉक्टरची डिग्री नव्हती त्याच्याकडे, पण कुत्र्यांवर ते ऑपरेशन त्याने कितीतरी वेळा केलेलं होतं. मी काही थॉमस नाही. पण कुठला माल कुठं अडकतो ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं एवढं तर मान्य कराल.

तर साहेब, मागणं असं आहे. सिव्हिलच्या एसएनसीयूत म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, महापालिकेच्या बिटको रुग्णालयात, आणि मालेगाव-कळवणच्या सरकारी रुग्णालयांत, जिथं बाळ काचेत ठेवायची सोय आहे तिथं, प्रत्येकी निदान दोन अँप्यूल कायम असाव्यात आणि संपली की त्याच आठवड्यात भरावी. एक्स्पायरीला तीन महिने राहिले की ती मोठ्या सेंटरला देऊन नवी घ्यावी, म्हणजे वाया जाणार नाही, आणि एखादी गेली वाया तर जाऊ द्या, आग विझवायचं सिलिंडर वापरलं नाही म्हणून कुणी रडत नाही. खासगी डॉक्टरलाही रात्री तिथून ती मिळावी, पैसे भरून, चौकशी न करता. डिस्चार्ज कार्डवर दोन रकाने छापा, हात आणि पाय, आकडा लिहिल्याशिवाय बाळ घरी जायचं नाही. आणि एक फोन नंबर, जो रात्री दोनला उचलला जातो, उचलणाऱ्याला माहीत असेल आज मुंबईत कुठं बेड आहे.

हे होईपर्यंत माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये मी दोन अँप्यूल ठेवतोय. एक्स्पायर झाल्या तर नुकसान माझं. ओळखीच्या आणखी दोघा-तिघांना विचारलंय, नाशिकरोडचा एक आणि पंचवटीतला एक तयार आहेत. पण आम्ही दुकानदार, आमचं काय, उद्या दुकान बंद केलं तर?

भेटीची वेळ द्या, कागद घेऊन येतो.

आपला,
मुंबई नाक्याचा एक मेडिकलवाला

ता. क. डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर अल्प्रोस्टॅडिल ५०० असं पूर्ण लिहा, बाजूला नवजात बाळासाठी असं लिहा, बाळाचं वजन टाका, आणि वॉर्डाचा मोबाईल नंबर वाचता येईल असा.